साठला सा, नव्वदला पंचम: गाडीतल्या एका घुंघूं आवाजाचं प्रकरण

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना. वय आठ वर्षं, मीटरवर ८७,००० किलोमीटर, टायर १६५/८० आर १४. सासूबाई चिपळूणला एकट्या राहतात, त्यामुळे कराड-पाटण-कोयनानगर-कुंभार्ली घाट हा रस्ता महिन्यातून दोनदा तरी होतोच. तक्रार एका ओळीत सांगता येईल अशी होती. पन्नासच्या पुढे काटा गेला की गाडीत घुंघूं असा आवाज सुरू होतो आणि वेगाबरोबर चढत जातो.

तो कधी सुरू झाला, हे मला नक्की सांगता येत नाही. हळूहळू वाढणाऱ्या आवाजाला घरची माणसं सरावतात आणि रेडिओ थोडा मोठा करतात. दिवाळीत मेहुणा गाडीत बसला आणि पाटण यायच्या आत म्हणाला, "भावोजी, गाडीला विमानाचं इंजिन लावलंय काय?" त्या दिवसापासून मला तो आवाज ऐकू यायला लागला आणि मग तो सोडून दुसरं काही ऐकूच येईना.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. गाडीखाली झोपायची सवय नाही, पण वहीत नोंदी करायची आहे. पुढचं सगळं त्या वहीतलं. चुकीची पानंही ठेवली आहेत, कारण या प्रकरणात आम्ही जिथे चुकलो तिथेही आमच्याकडे कारण होतं.

पहिली फेरी: टायर

गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोराने पहिल्यांदा पुढच्या टायरवरून हात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेला उंचवटे आणि खळगे हाताला स्पष्ट लागत होते, ताटलीच्या कातरलेल्या काठासारखे. टायर असा कप पडल्यासारखा झिजला की तो रस्त्यावर घुमतोच. त्यात जुलैमध्ये कोयनानगरच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावं चाक दणकन आदळलं होतं आणि त्यानंतर महिनाभर मी अलाइनमेंट केली नव्हती. म्हणजे गुन्हेगारही सापडला आणि त्याचं कारणही.

तरी त्याने गाडी लिफ्टवर घेतली, पहिल्या गिअरला टाकून पुढची चाकं हवेत फिरवली आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून दोन्ही बाजू ऐकल्या. काही नाही. चाक वर-खाली धरून हलवलं. तसूभर खेळ (ढिलेपणा) नाही. "बेरिंग ठीक आहेत," म्हणाला. बेरिंग म्हणजे दोन कड्यांमध्ये गोळे असलेला भाग, ज्यावर चाक फिरतं. मी पुढचे दोन टायर नवे घेतले. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग धरून १०,३०० रुपये गेले.

आणि आवाज कमी झाला. हे मुद्दाम लिहितो, कारण इथेच आमचे पुढचे दीड महिने गेले. आवाज खरोखर निम्म्याने कमी झाला आणि मी खूश होतो. उरलेला आवाज "मागच्या जुन्या टायरचा असेल" म्हणून सोडून दिला. गाडीत एकाच वेळी दोन दोष असतील, त्यातला एक दूर झाल्यावर दुसरा लपून राहील, हा विचार मनात आला नाही. वर्गात मुलांना मी हेच शिकवतो: एका निरीक्षणाची दोन कारणं असू शकतात, एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबू नका.

दुसरी फेरी: पेटीवाल्या बाईंचं निरीक्षण

माझी बायको गाण्याचे क्लास घेते. डिसेंबरात चिपळूणहून परत येताना ती मागच्या सीटवर होती. उंब्रजजवळ एक काम होतं म्हणून कराडला न थांबता तसेच हायवेला लागलो आणि मी गाडी नव्वदपर्यंत नेली. ती म्हणाली, "अहो, तुम्ही साठला चालवत होता तेव्हाचा सा धरला, तर आता पंचम लागलाय."

मी गाडी पुन्हा साठवर आणली. सा. ऐंशीवर नेली. "मध्यम. शुद्ध."

हे ऐकून मला रस्त्याच्या कडेला थांबून वही काढावीशी वाटली. सा आणि पंचमाच्या कंपनसंख्येचं गुणोत्तर २:३ असतं, सा आणि शुद्ध मध्यमाचं ३:४. साठला नव्वद म्हणजे २:३. साठला ऐंशी म्हणजे ३:४. आवाजाची उंची वेगाच्या अगदी समप्रमाणात चढत होती. स्पीडोमीटर थोडं जास्त दाखवतं, पण सगळीकडे जवळपास त्याच टक्क्याने जास्त दाखवत असेल तर गुणोत्तर बिघडत नाही.

आता एकाच गिअरमध्ये वेग वाढवला तर इंजिनाचे फेरेही त्याच प्रमाणात वाढतात. म्हणून लगेच दुसरी चाचणी केली: वेग सत्तरलाच ठेवून पाचव्याचा चौथा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज चढला, घुंघूं जागचा हलला नाही. मग रस्ता सपाट आणि मागे मोकळा बघून गाडी क्षणभर न्यूट्रलला टाकली. इंजिन आयडलवर उतरलं, घुंघूं तसाच. इंजिन, अल्टरनेटर, पट्टा आणि क्लच हे सगळे या दोन चाचण्यांत सुटले.

(न्यूट्रलची चाचणी घाटात करायची नाही. आणि किल्ली तर कुठेच बंद करायची नाही: स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, शिवाय ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते. मेहुण्याने "बंदच करून बघा की" असं सुचवलं होतं, म्हणून लिहिलं.)

ब्रेकचा पेडल हलका दाबून पाहिला. पॅड घासत असेल तर आवाज बदलतो किंवा थांबतो. इथे दोन्ही झालं नाही.

उरलं ते चाकाबरोबर फिरणारं सगळं: टायर, चाकाचं बेरिंग, ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा फिरणारा दांडा) आणि गिअरबॉक्सचा शेवटचा भाग. इथे सूरज्ञान थकतं, कारण हे सगळंच वेगाच्या प्रमाणात गातं. मी आकडे मांडून पाहिले. या टायरचा परीघ साधारण १.९५ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला साडेआठ फेरे. गिअरबॉक्सच्या शेवटच्या मोठ्या चक्राला सत्तरच्या आसपास दात धरले तर सेकंदाला सहाशे ठोके पडतील, ती किंचाळी झाली, घुंघूं नाही. बेरिंगच्या स्थिर, बाहेरच्या कड्यावर डाग असेल तर एका फेऱ्यात जितके गोळे आहेत त्याच्या साधारण ०.४ पट ठोके पडतात. गोळे डझनभर असले तर सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस. खर्जातला आवाज, बरोबर. पण टायरच्या कडेवर पाच-सहा खळगे असले तर त्याचेही सेकंदाला चाळीस-पन्नास ठोकेच होतात! कप पडलेला टायर आणि गेलेलं बेरिंग यांची गल्लत चांगले चांगले मिस्त्री का करतात, ते मला त्या रात्री वहीत कळलं. दोघे एकाच पट्टीत गातात.

म्हणजे आवाज कसा आहे, हे विचारून पुढे जाता येणार नव्हतं. तो कशाने बदलतो आणि कशाने बदलत नाही, हेच विचारायला हवं होतं.

तिसरी फेरी: रस्ता बदलून, वळण घेऊन

टायरचा आवाज हा टायर आणि रस्ता या दोघांचा मिळून असतो. खडबडीत डांबर, नवं गुळगुळीत डांबर, काँक्रीट, प्रत्येकावर तो वेगळा येतो. बेरिंगला खालचा रस्ता कुठला आहे याची फिकीर नसते. पुढच्या फेरीत मी चिपळूणजवळ काँक्रीटच्या हायवेवर पाच-सहा किलोमीटर जाऊन आलो. गाडीतला एकूण गलका वाढला, सांध्यांची टपटप आली, पण त्याच्या तळाशी घुंघूं होता तसाच, त्याच वेगाला त्याच सुराचा. परत जुन्या डांबरावर आलो, तरी तोच. टायरची बाजू इथे पडली.

मग वळणं. मला वाटलं होतं कुंभार्ली घाटात पोटभर वळणं आहेत, तिथेच कळेल. चुकीचं होतं. घाटात गाडी तीसच्या आत असते, आवाज पन्नासनंतर सुरू होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच इतकं ओरडत असतं की बाकी काही ऐकू येत नाही. लागतात ती घाटाबाहेरची, लांब, पसरट वळणं. पाटणच्या अलीकडे अशी दोन-तीन आहेत. रविवारी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, मी साठच्या वेगाने त्यातून चार वेळा गेलो-आलो. स्टिअरिंगला झटके द्यायचे नाहीत, वळण जितकं मागेल तितकंच द्यायचं.

उजव्या वळणाला आवाज फुगायचा. डाव्या वळणाला जवळजवळ मरायचा. चारही वेळा.

गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. किती जातो? गाडी माणसांसकट एक टन, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, दोन चाकांत १.४ मीटर अंतर आणि वळणाची त्रिज्या १५० मीटर धरली तर साठच्या वेगाला ६५-७० किलो वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतं. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. पण खरा त्रास निराळा आहे. रस्ता टायरला खालून आडवा ढकलतो आणि चाकाच्या त्रिज्येएवढ्या, म्हणजे एक फुटाच्या तरफेने बेरिंग कलंडवू पाहतो. डागावर दाब पडतो तो त्या कलंडण्याने.

लिफ्टवर पहिल्या दिवशी काही का ऐकू आलं नाही, त्याचंही उत्तर इथेच आहे. लिफ्टवर चाक लोंबकळत फिरतं, त्याच्यावर गाडीचं वजनही नसतं आणि वळणाचा आडवा रेटाही नसतो. त्या पोराची चाचणी चुकीची नव्हती. ती बेरिंग गेलंय हे सांगू शकते, बेरिंग ठीक आहे हे सांगू शकत नाही.

एक अडचण उरली होती. बायको ठामपणे सांगत होती की आवाज उजवीकडून, ड्रायव्हरच्या पाठीमागून येतोय. जिने सा आणि पंचम अचूक सांगितला तिचा कान चुकीचा कसा म्हणायचा? पण सूर ओळखणं वेगळं आणि दिशा ओळखणं वेगळं. सेकंदाला ४४ कंपनांच्या आवाजाची लहर पावणेआठ मीटर लांब असते, आमची गाडी चार मीटरही नाही. एवढी लांब लहर पत्र्याच्या डब्यात भरली की ती कुठून आली हे दोन कानांमधल्या वीतभर अंतराला कळत नाही. गाडीच्या सांगाड्यातून ती जिथे जास्त घुमते तिथे ती "आहे" असं वाटतं. हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पटलेलं दिसलं नाही.

हाताला लागलेला पुरावा

आता मी गॅरेज बदललं. मार्केट यार्डाच्या मागे एक म्हातारे मिस्त्री आहेत, एका शेडमध्ये, मदतीला फक्त पुतण्या. त्यांना वही दाखवली. त्यांनी ती वाचली नाही, एवढंच विचारलं, "उजवीकडं वळवल्यावर वाढतोय नव्हं? मग डावं. पुढचं का मागचं, ते बघू."

त्यांची पद्धत सोपी होती आणि मला माहीत नव्हती. गाडी स्टँडवर घेऊन एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या चाकाच्या कॉइल स्प्रिंगवर टेकवायची. स्प्रिंग कंप पकडते, कानाला येणार नाही ते बोटाला येतं. पुढचं उजवं: लोण्यासारखं. मागची दोन्ही: ड्रमला ब्रेकशू किंचित घासतोय, बाकी स्वच्छ. पुढचं डावं फिरवून त्यांनी माझी बोटं स्प्रिंगवर ठेवली. जात्यात चार दाणे राहिलेत आणि कुणी ते रिकामंच फिरवतंय, असं काहीतरी हाताला लागलं. अगदी बारीक, पण नक्की.

"खेळ नाहीये पण," मी म्हणालो.

"खेळ शेवटाला येतो, सर. आधी किरकिर, मग खेळ. खेळ आल्यावर कुणी बी सांगंल."

मी येण्याआधी चाकांचं तापमानही मोजून पाहिलं होतं, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने. डावं हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) उजव्यापेक्षा चार-पाच अंश गरम. पण वाटेत ब्रेक लागलेले असतात, एका बाजूला ऊन असतं, तेवढा फरक कशानेही पडतो. वहीत त्या नोंदीपुढे मी प्रश्नचिन्ह केलं आहे आणि ते अजून तसंच आहे.

दुरुस्ती

या गाडीत पुढचं बेरिंग नकलमध्ये, म्हणजे चाकाला धरून ठेवणाऱ्या आणि स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या धातूच्या भागात, दाबून बसवलेलं असतं. दोन ओळींत गोळे, मध्ये हब, बाहेरून सर्कलिप (बेरिंग सरकू न देणारी स्प्रिंगसारखी कडी). ते काढायचं म्हणजे शाफ्टचा मोठा नट खोलायचा, ब्रेक कॅलिपर बाजूला टांगायचा, बॉल जॉइंट सोडवायचा आणि अख्खा नकल हातात घ्यायचा. हब बाहेर ओढताना बेरिंगचं आतलं अर्धं कडं हबलाच चिकटून आलं, जे नेहमी येतं, आणि ग्राइंडरने चीर पाडून काढावं लागलं. पुतण्याने ते काम हबला चरा न पाडता केलं, त्याचं कौतुक.

आधीच्या गॅरेजने फोनवर "बेरिंग आणून द्या, ठोकून बसवतो, आठशे रुपये" असं सांगितलं होतं. ते मी का नाकारलं ते सांगतो. नवं बेरिंग हातोड्याने बसवणं म्हणजे खड्ड्यात आदळून जे झालं तेच टेबलावर करणं. मिस्त्रींनी नकल शेजारच्या लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेसवर नेला. नकलमध्ये बेरिंग दाबताना रेटा फक्त बाहेरच्या कड्यावर. नंतर हब आत दाबताना खालून आधार फक्त आतल्या कड्याला. उलट केलं तर सगळा दाब गोळ्यांतून जातो आणि बेरिंग पहिल्याच दिवशी खराब होऊन गाडीला लागतं. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आणखी एक भानगड असते. बेरिंगच्या एका बाजूच्या काळसर सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरकडेच यावी लागते. उलटं बसवलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. मिस्त्रींनी ती बाजू ओळखायला एक टाचणी सीलजवळ नेली. चिकटली.

शाफ्टचा नट नवा घेतला, टॉर्क पान्याने कंपनीच्या मॅन्युअलातल्या आकड्याइतका आवळला आणि त्याची कड खाचेत ठोकून बसवली. बेरिंग, नट, प्रेस आणि मजुरी मिळून ३,१०० रुपये. टायरवर गेले त्याच्या एक तृतीयांशही नाहीत.

कड्यावर काय दिसलं

जुनं बेरिंग मी मागून घेतलं आणि शाळेत नेऊन रॉकेलने धुतलं. काढण्याआधी मिस्त्रींनी माझ्या सांगण्यावरून बाहेरच्या कड्यावर वरच्या बाजूला पंचने खूण केली होती. बाहेरचं कडं नकलमध्ये फिरत नाही आणि गाडीचं वजन ते वरच्या बाजूनेच गोळ्यांवर टेकवतं. चाक खड्ड्यात आदळलं की दणकाही तिथेच बसतो.

खुणेच्या बरोबर खाली, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत पोलादाचा पापुद्रा सुटला होता, भिंतीचा रंग सुटतो तसा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक उथळ, गोल खळगी. उजेडात तिरपं धरलं तरच दिसणारी. मी कर्कटक घेऊन अंतर मोजलं: खळगीपासून पापुद्र्याच्या मध्यापर्यंत जेवढं, तेवढंच शेजारच्या दोन गोळ्यांमधलं. गोळे एका ओळीत १३ होते. म्हणजे एका क्षणी तीन गोळे एकदम कड्यात रुतले होते. मधल्यावर भार सगळ्यांत जास्त, म्हणून त्याची खळगी आधी फुटली. झिजून गेलेल्या बेरिंगवर अशा समान अंतरावरच्या खुणा नसतात, तिथे सगळं कडं सारखं मळकं होतं. हे दणक्याचं काम होतं.

ग्रीस तांबूस झालं होतं, थोडं पाणीही आत गेलं असावं. जुलैतला तो खड्डा पाण्याने भरलेला होता, साइडपट्टीला लागून, जिथे डांबराची कड तुटते आणि पाणी साचतं. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, समोरून ट्रक आला की डावं चाकच तिथे उतरतं. मिस्त्रींच्या शेडमध्ये कोपऱ्यात काढलेल्या बेरिंगचा डबा होता. विचारलं, यातली डावी किती? हसले आणि म्हणाले, "मोजली न्हाईत, पर पावसाळ्यानंतर डावीच लई येत्यात."

टायरचे खळगेही बहुधा त्याच दणक्याचे, बिघडलेल्या अलाइनमेंटमार्फत. म्हणजे दोन दोष होते खरे, पण आई एकच.

चाचणीला मिस्त्री स्वतः बसले नाहीत, पुतण्या बसला. त्याच पसरट वळणांवर साठने गेलो. उजव्या वळणाला काही नाही, डाव्याला काही नाही. सरळ रस्त्यावर मात्र ग्लोव्ह बॉक्समध्ये काहीतरी टकटक वाजत होतं, जे वर्षभर वाजत असणार आणि आम्हाला आता ऐकू येत होतं. टायरच्या दुकानाचा पितळी व्हॉल्व्ह निघाला.

उजवं बेरिंग तसंच ठेवलं आहे. जोडीने बदला असा सल्ला मिळाला होता, पण स्प्रिंगवर बोटं ठेवून ते लोण्यासारखं लागलं होतं आणि तिकडचं चाक खड्ड्यात गेलं नव्हतं. आता मीटर ९६,००० च्या पुढे आहे. दर चिपळूण फेरीला पाटणच्या अलीकडच्या वळणावर मी रेडिओ बंद करतो आणि डावीकडे वळताना ऐकतो. बायको अजून म्हणते की आवाज उजवीकडूनच येत होता.